प्रेसिदियो मेनोर म्हणजे 'बालतुरुंग'? स्पॅनिशमधल्या शिक्षा इंग्रजीत नेताना

मनवा_स
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण गेल्या आठवड्यात एका शिक्षेनंच मला शिक्षा केली, म्हणून धागा काढतेय.

मी पुण्यात बसून स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतरं करते. जन्मदाखले, पदव्या, करारनामे, मधूनच एखादा कोर्टाचा निकाल. या वेळी चिलीतल्या फौजदारी कोर्टाचा अकरा पानी निकाल आला. कुणाच्या तरी अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या फायलीला जोडायचा होता. शेवटच्या पानावर मुख्य वाक्य: '५४१ दिवस प्रेसिदियो मेनोर एन सु ग्रादो मेदियो', त्यापुढे 'आक्सेसोरियास' (मुख्य शिक्षेला जोडून येणाऱ्या शिक्षा), आणि सगळ्यात खाली 'रेमिसिओन कोन्दिसिओनाल'.

मी केलेलं काम एजन्सीतल्या तपासनिसाकडे गेलं. त्याला स्पॅनिश येत नाही, इंग्रजी गुळगुळीत करणं एवढंच त्याचं काम. 'मेनोर' म्हणजे मायनर, म्हणून त्यानं प्रेसिदियो मेनोरचा चक्क बालगुन्हेगारांचा तुरुंग करून टाकला. आरोपीचं वय पहिल्याच पानावर ४३ लिहिलंय! ५४१ वर पिवळा रंग मारून विचारलं, "टायपिंगची चूक? १८ महिने म्हणायचंय का?"

तिसरी चूक मात्र माझीच. रेमिसिओन कोन्दिसिओनाल म्हणजे अटींवर स्थगित ठेवलेली शिक्षा, आणि त्या रेमिसिओनचं मी 'रेमिशन' केलं. आपल्याकडे रेमिशन म्हणजे आत असलेल्या कैद्याला चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारी दिवसांची सूट. आणि हा गडी तर आत गेलाच नव्हता.

तर प्रश्न असा: शिक्षेचे शब्द तुम्ही कसे हाताळता? मूळ शब्द तसाच ठेवून टीप द्यायची, की जवळचा इंग्रजी शब्द बसवून मोकळं व्हायचं? आणि मुळात कोणाचा इंग्रजी शब्द?

चकलीबहाद्दर
५४१ दिवस?? चिलीत शिक्षेचेसुद्धा बाटाच्या चपलेसारखे भाव असतात का?

मनवा_स
@चकलीबहाद्दर बाटावाले एक कमी करतात हो, हे एक वाढवतात.

सांतियागोकर
मनवाताई, नऊ वर्षं इथं आहे, त्यामुळे ५४१ पाहून घरचा फोन नंबर पाहिल्यासारखं वाटलं. तो आकडा बरोबर आहे, त्याला हात लावू देऊ नका.

चिलीची दंडसंहिता १८७४ ची. तिच्यात शिक्षा म्हणजे एक शिडी आहे आणि प्रत्येक पायरीची मापं ठरलेली. 'मेनोर' हे त्या शिडीच्या खालच्या भागाचं नाव, ६१ दिवसांपासून ५ वर्षांपर्यंत. 'मायोर' म्हणजे ५ वर्षं १ दिवस ते २० वर्षं. मेनोरचे परत तीन ग्रादो: खालचा ५४० दिवसांना संपतो, मधला ५४१ ला सुरू होतो आणि ३ वर्षांपर्यंत जातो. म्हणजे न्यायाधीशांनी मधल्या पायरीवरची कमीत कमी शिक्षा दिली आहे. ५४१ च्या जागी १८ महिने लिहिलंत की हा सगळा अर्थ गेला. इथले वकील 'किन्येन्तोस क्वारेन्ता इ उनो' असं एका दमात म्हणतात, पुढं 'दिवस' लावायचीही गरज पडत नाही.

प्रेसिदियो, रेक्लुसिओन आणि प्रिसिओन हे तीन शब्दही एक नव्हेत. प्रेसिदियो झालेल्या कैद्याला तुरुंगाच्या नियमांप्रमाणे काम करावं लागतं, बाकी दोघांना नाही. आणि प्रिसिओन फक्त १ ते ६० दिवसांची. तिन्हींना शब्दकोशात एकच इंग्रजी शब्द आहे.

सगळ्यात घातक जोडी जन्मठेपेची. 'पेर्पेतुओ सिंप्ले' म्हणजे पॅरोल मागण्याआधी २० वर्षं, 'पेर्पेतुओ कालिफिकादो' म्हणजे ४०. आता कालिफिकादोचं कुणी 'क्वालिफाइड' केलं तर? इंग्रजीत क्वालिफाइड म्हणजे हातचं राखून दिलेलं, सौम्य केलेलं. बरोब्बर उलटं!

काळाकोट
वा, सांतियागोकर. आता एका साताऱ्याच्या वकिलाचं ऐका.

प्रेसिदियो-रेक्लुसिओनचा घोळ आपल्याला मुळीच नवा नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ५३ मध्ये कारावास दोन प्रकारचा होता: सश्रम आणि साधा. न्याय संहिता आली तरी ती विभागणी कायम आहे. आमच्या मराठी निकालात 'सक्तमजुरी' आणि 'साधी कैद' लिहितात. तेव्हा प्रेसिदियोला सरळ 'रिगरस इंप्रिझनमेंट' लिहा. शब्द तयार आहे, दीडशे वर्षं वापरात आहे, उगाच टिपांचा पसारा कशाला?

टेक्सासकर
@काळाकोट साहेब, विरोध नोंदवतो. हा कागद साताऱ्यात वाचला जाणार नाहीये. इथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याला रिगरस इंप्रिझनमेंट म्हटलं की अंधारकोठडी आणि बेड्या दिसतील. माणूस एक दिवस आत गेला नाही आणि आपण त्याच्या हातात घण दिला.

दुसरं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात शिक्षा स्थगित झाली असली तरी सुनावलेली पूर्ण मुदत धरतात. त्यामुळे ५४१ हा आकडा आणि 'स्थगित' हा शब्द, दोन्ही लखलखीत दिसले पाहिजेत. भाषांतरकारानं सौम्यही करायचं नाही आणि कडकही नाही. वकिली वकिलाला करू द्या.

काळाकोट
मान्य. पण मग 'प्रिझन' एवढंच लिहिलंत तर कामाची सक्ती हरवते त्याचं काय? तेही सौम्य करणंच झालं की. मी हट्ट सोडत नाहीये, नोंद घ्यावी.

यंत्रमानव
लोक अजून हाताने भाषांतर करतात? मशिनला टाका, तीन सेकंदांत होतं. उगाच जिलबी.

मनवा_स
@यंत्रमानव टाकते की, मीही टाकते. पूर्वी एकदा 'कोन्देना एन कोस्तास' होतं. अर्थ एवढाच, की हरलेल्या पक्षानं दाव्याचा खर्च द्यावा. कोस्तास म्हणजे खर्च आणि कोस्तास म्हणजे समुद्रकिनारेही. मशिननं त्या बिचाऱ्या कंपनीला किनाऱ्यावर दोषी ठरवलं होतं. 'फाय्यो' म्हणजे निकाल, आणि बिघाडही. 'सुप्रीम कोर्टाचा बिघाड' असं छापायला देऊ का? हल्लीची यंत्रं बरीच सुधारली आहेत, नाही म्हणत नाही. पण आता ती चुकतात तेव्हाही वाक्य इतकं सफाईदार असतं की चूक डोळ्यांवरून घसरून जाते. किनारा निदान दिसला तरी होता.

चकलीबहाद्दर
किनाऱ्यावर शिक्षा! मी तयार आहे. गुहागर चालेल. =))

माद्रिदची_मावशी
उशिरा आले, पण या धाग्यावर न लिहून कसं चालेल!

पहिल्या वर्षीची गोष्ट. इथल्या बातम्यांत सारखं ऐकू यायचं की अमुक राजकारण्याला 'तेर्सेर ग्रादो' मिळाला, आणि घरचे लोक हार घालायचे बाकी. माझ्या डोक्यात आपली थर्ड डिग्री! म्हटलं, पोलिसांनी याला बडवला आणि हे हसतायत काय? नंतर कळलं की स्पेनच्या तुरुंगात कैद्यांचे तीन दर्जे असतात आणि तिसरा सगळ्यात मोकळा. दिवसा कामाला बाहेर जायचं, रात्री झोपायला परत. जवळपास आपल्या खुल्या कारागृहासारखं. म्हणजे इंग्रजीत शब्दाला शब्द लावला तर सवलतीचा छळ होतो. मी 'ओपन रेजीम' लिहिते.

दुसरा सापळा 'सेन्तेन्सिया'. ही सेंटेन्स नव्हे हो, हा निकाल. निर्दोष सुटलेल्यालाही सेन्तेन्सिया मिळते. 'सेन्तेन्सिया फिर्मे' म्हणजे 'खंबीर' वगैरे काही नाही, ज्यावर आता अपील नाही असा निकाल.

आणि जुने कागद आले तर 'आर्रेस्तो मायोर' पाहून अटक समजू नका. १९७३ च्या संहितेत ती १ महिना १ दिवस ते ६ महिने अशी तुरुंगवासाचीच शिक्षा होती. १९९५ च्या संहितेत तर शनिवार-रविवारची अटक होती, 'आर्रेस्तो दे फिन दे सेमाना'. पुढं २००३ च्या सुधारणेत ती गेली.

गंपू
म्हणजे सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि वीकेंडला तुरुंग. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, फरक काय?

चकलीबहाद्दर
'सेन्तेन्सिया दे दिवोर्सिओ' ला तरी सेंटेन्स राहू द्या ना मावशी. एवढा एक शब्द अचूक जमलाय.

माद्रिदची_मावशी
चकल्या, तुझ्यासाठी अजून एक. 'आमोनेस्तासिओन' म्हणजे ताकीद. फुटबॉलमध्ये पिवळं कार्ड दाखवतात ती आमोनेस्तासिओन. आणि चर्चमध्ये लग्नाआधी 'कुणाची हरकत आहे का' म्हणून जाहीर करतात, त्यालाही आमोनेस्तासिओनेसच. तू काय समजायचं ते समज.

चकलीबहाद्दर
दंडवत. _/\_ (दंडाच्या धाग्यावर दुसरं काय घालणार)

तिसवाडीकर
मावशेनी चर्च काढलंच आहे तर थोडं आमच्या गोव्याचं, अवांतर समजून गोड मानून घ्या.

इंग्रजीत इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाहीर शिक्षासमारंभाला जो शब्द आहे तो 'ऑटो-डा-फे'. हे स्पॅनिश नव्हे, पोर्तुगीज रूप. स्पॅनिश 'आउतो दे फे'. गंमत अशी की इंग्रज लेखक स्पेनमधल्या सेव्हिलबद्दल लिहितानाही पोर्तुगीज शब्द वापरतो आणि कुणाला खटकत नाही. गोव्याचं इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडून. शब्द 'श्रद्धेची कृती', आणि कृती काय ते सगळ्यांना ठाऊक. इथे भाषांतर न करणंच बरं, कारण कुठलाही सरळ इंग्रजी शब्द त्या नावातला साळसूदपणा घालवतो.

जुन्या गोव्यात हातकातरो खांब म्हणून एक दगडी खांब उभा आहे, मंदिराचा असावा असा. लोक सांगतात तिथे हात कापायचे. पोर्तुगीज गावांतून असा शिक्षेचा खांब असायचा, 'पेलोरिन्यो'. स्पॅनिशमध्ये 'पिकोता'. इंग्रजीत पिलोरी लिहितात, पण पिलोरी म्हटलं की मान आणि हात अडकवायची लाकडी फळी दिसते. पिकोता म्हणजे गावच्या चौकातला खांब, हुकमत कोणाची ते दाखवणारा.

माद्रिदची_मावशी
आणि पिकोता नावाची चेरी असते, देठाशिवायची! एक्स्त्रेमादुराच्या खेर्ते खोऱ्यातली. जून-जुलैमध्ये बाजारात 'किलो पिकोता' म्हणून पाट्या. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही दचकले होते. 'पोनेर एन ला पिकोता' म्हणजे मात्र एखाद्याची जाहीर नाचक्की करणं.

त्याचंच आजचं रूप 'पेना दे तेलेदिआरियो', टीव्हीच्या बातम्यांची शिक्षा. कोर्टात काही सिद्ध व्हायच्या आधी बेड्यांतला माणूस कॅमेऱ्यापुढून नेतात ना, ते. इंग्रजीत 'पर्प वॉक' म्हणतात, पण त्यात नुसतं चालणं आहे, शिक्षा नाही.

काळाकोट
मराठीत त्याला धिंड म्हणतात मावशी. बातम्यांत दर महिन्याला असते.

टेक्सासकर
धिंड!! हाच शब्द मला तीन वर्षं हवा होता. मावशींच्या तेलेदिआरियोसाठी इंग्रजीत काही नाही आणि आपल्याकडे आहे.

मी फोनवर दुभाषाचं काम करतो. 'पेना' या शब्दानं मला जितका घाम फोडला तितका कुठल्याच कलमानं नाही. पेना म्हणजे कायद्यातली शिक्षा, पेना म्हणजे दुःख. मेक्सिकोत आणि कोलंबियात पेना म्हणजे लाज, संकोचही. एकदा मेक्सिकन साक्षीदार बाई म्हणाल्या, "मे दा पेना देसिर्लो." माझ्या आधीच्या दुभाषानं केलं होतं, 'सांगताना मला यातना होतात'. वकिलानं त्यावर पुढचे चार प्रश्न यातनांबद्दल विचारले. बाई एवढंच म्हणत होत्या, की सांगायला लाज वाटते. कोलंबियन माणूस तर धक्का लागला तरी 'के पेना' म्हणतो, म्हणजे सॉरी.

'आल्मा एन पेना' म्हणजे भटकणारा अतृप्त आत्मा. त्याला 'पेनल्टीतला आत्मा' म्हटलेलं मी स्वतः वाचलंय.

गंपू
अर्जेंटिनाच्या चाहत्यांचा. 'पेनाल' म्हणजे तिकडे पेनल्टी किक ना?

टेक्सासकर
हो! आणि समालोचक 'पेना माक्सिमा' म्हणाला तर फाशी नव्हे, तीच पेनल्टी. :D

शुद्धलेखन_रक्षक
शिक्षेवरून आठवलं. आपली 'शिक्षा' आणि हिंदीची 'शिक्षा' हीसुद्धा अशीच फसवी जोडी आहे. लहानपणी भोपाळला आत्याकडे गेलो होतो. तिथल्या 'शिक्षा विभाग' या पाटीसमोर मी आईचा हात घट्ट धरला होता. संस्कृतातला शिकण्याचा अर्थ हिंदीनं ठेवला, आपण छडी ठेवली.

सांतियागोकर
@शुद्धलेखन_रक्षक छडी स्पॅनिशनंही ठेवली आहे: 'ला लेत्रा कोन सांग्रे एन्त्रा', अक्षर रक्तासोबत आत शिरतं. आपली छमछम-घमघमवाली म्हण त्या मानानं फारच गोड.

माझ्या मुलीच्या शाळेत 'कास्तिगादा' म्हणजे मधल्या सुट्टीत बाहेर जायचं नाही. घरी आई 'एस्तास कास्तिगादो' म्हणाली तर फोन बंद, मित्र बंद. अमेरिकन इंग्रजीत त्याला 'ग्राउंडेड' हा नेमका शब्द आहे, पण मी मुंबईत वाढलो, मला तो शब्द विमानासाठीच माहीत होता. आपल्याकडे अशी मुदतीची शिक्षा नसायचीच. एक धपाटा, पाच मिनिटांत विषय संपला, संध्याकाळी वरणभात.

काळाकोट
शाळेत अंगठे धरून उभं केलेल्यांनी हात वर करा.

गंपू
अंगठे धरलेत, हात वर कसा करणार?

मनवा_स
धागा छान भरकटलाय, भरकटू दे. पण एक जुनी शंका विचारून घेते. मागे एका ऐतिहासिक मजकुरात 'देस्तिएर्रो' आणि 'कोन्फिनामिएन्तो' एकाच वाक्यात आले होते. मी एक्झाइल आणि कन्फाइनमेंट केलं. तेव्हापासून मन खातंय.

सांतियागोकर
खायलाच हवं. :) चिलीच्या संहितेत चार वेगळ्या शिक्षा आहेत, आणि त्यांचे अर्थ वाचून मी थक्क झालो होतो. एक्स्त्रान्यामिएन्तो: देशाबाहेर जा, कुठं जायचं ते तुझं तू ठरव. कोन्फिनामिएन्तो: देशाबाहेर जा, आणि आम्ही सांगू त्याच ठिकाणी राहा. रेलेगासिओन: देशातच, पण ठरवून दिलेल्या वस्तीत राहायचं, तिथून हलायचं नाही, बाकी मोकळा. देस्तिएर्रो: देशातल्या अमुक एका ठिकाणी पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे कोन्फिनामिएन्तोचं कन्फाइनमेंट केलंत तर सीमेपार घालवलेला माणूस कोठडीत जाऊन बसतो.

माद्रिदची_मावशी
स्पेनमध्ये कोन्फिनामिएन्तो देशातल्या देशात असायचं. १९२४ मध्ये हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेरानं लेखक उनामुनोंना स्पेनच्याच फुएर्तेव्हेन्तुरा बेटावर पाठवलं, ते आठवा. कोठडी नाही, काही नाही, फक्त समुद्र चारी बाजूंनी. तेव्हा मनवा, आधी कागद कुठल्या देशाचा ते बघ, मग शब्द.

काळाकोट
थांबा थांबा. देस्तिएर्रो म्हणजे अमुक हद्दीत यायचं नाही? अहो, ही तर तडीपारी! महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं ५५ ते ५७. इंग्रजीत 'एक्स्टर्नमेंट'. एक्झाइल म्हटलं की नेपोलियन डोळ्यांपुढे येतो, तडीपार म्हटलं की शेजारच्या जिल्ह्यात मेव्हण्याकडे राहणारा गल्लीतला दादा. मनवाताई, या वेळी तरी माझा साताऱ्याचा शब्द घ्या. फरक एवढाच की आपल्याकडे तडीपारीचा हुकूम पोलीस किंवा प्रांत काढतात, तिकडे कोर्ट.

टेक्सासकर
अमेरिकन वाचकाला एक्स्टर्नमेंट कळणार नाही, पण निदान चुकीचं काही दिसणार नाही. साहेब, एक गुण तुम्हाला.

मनवा_स
काळाकोट, घेतला. आता माझा लाडका शब्द. 'एस्कार्मिएन्तो'. इंग्रजीत कोणी लेसन करतं, कोणी डिटरंट, कोणी एक्झांपल. तिन्ही अर्धे. लेसन शाळेतला वाटतो, डिटरंट सरकारी, एक्झांपलमध्ये चटका नाही. मी कित्येकदा स्क्रीनकडे बघत बसले आहे, आणि तोंडात मराठी शब्द तयार: अद्दल. 'एस्कार्मेन्तार' म्हणजे अद्दल घडणं. त्यांची म्हण आहे, 'नादिए एस्कार्मिएन्ता एन काबेसा आखेना', दुसऱ्याच्या डोक्यावर पडल्यानं कुणाला अद्दल घडत नाही.

शुद्धलेखन_रक्षक
आपली म्हण नेमकी उलट! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

मनवा_स
हो ना! आणि त्यांच्याकडेही ती दुसरी बाजू आहेच: 'दे लोस एस्कार्मेन्तादोस नासेन लोस आविसादोस', अद्दल घडलेल्यांतून सावध माणसं निपजतात. मराठीतून स्पॅनिशकडे सरळ वाट आहे, मध्ये इंग्रजीचा घाट लागतो आणि पैसे मात्र घाटाचेच मिळतात.

यंत्रमानव
बरं, वाचतोय गपचूप. तो तेर्सेर ग्रादोवाला मुद्दा मशिनला देऊन पाहिला. वाक्य एकटं दिलं तर 'थर्ड डिग्री'च केलं. जिलबी शब्द मागे घेतो.

चकलीबहाद्दर
यंत्रमानवाला अद्दल घडली. एस्कार्मेन्तादो!

मनवा_स
अपडेट. काम काल रात्री परत पाठवलं. प्रेसिदियो मेनोर तिरप्या अक्षरात तसंच ठेवलं, पुढे साध्या इंग्रजीत '५४१ दिवसांचा तुरुंगवास', आणि टिपेत दोन ओळी: शिडी कशी आहे आणि कामाची सक्ती कोणत्या कैद्याला (काळाकोट, ही तुमच्यासाठी). रेमिसिओनला 'सस्पेंडेड सेंटेन्स', त्यातल्या अटीसकट: ठरलेल्या काळात हेन्दारमेरियाच्या कचेरीत जाऊन हजेरी द्यायची. हेन्दारमेरिया हे चिलीचं तुरुंग खातं, बंदूकवाले फ्रेंच पोलीस नव्हेत, हीही एक टीप झाली. 'आक्सेसोरियास' मध्ये सरकारी पदावरून निलंबन होतं. मूळ शब्द 'कार्गो', म्हणजे पद. तपासनिसानं तिथंही 'आरोप निलंबित' करून ठेवलं होतं. चार शब्दांत आरोपच गायब!

आज सकाळी उत्तर आलं. बालतुरुंग काढलाय. टिपा लांब आहेत म्हणून कुरकुर आहे. आणि ५४१ वर अजून पिवळा रंग आहे.

सांतियागोकर
५४० करू नका म्हणजे झालं. पायरी बदलेल.